आत्याला घेऊन जंगलात जायचं तर

प्रश्न : भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेपासून सात किलोमीटरवर असलेल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे 27 वर्षांचे, गावातल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांपैकी एक. ही मुलं हिवाळ्यात दर रविवारी जंगलातल्या बंडीरस्त्यानं नदीपर्यंत जातात आणि परत येतात. सगळी मिळून 14 किलोमीटर. आता तिघं जण ‘आम्हालाही न्या’ म्हणून मागे लागले आहेत. आत्या, वय 58, गुडघे दुखतात. शेजारचे काका, लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला, कुबडीवर चालतात. मासेमारी करत याच नदीवर वाढले. आणि आठवीतली एक मुलगी, तिला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. गटातली मुलं म्हणतात, ‘हे आले की आमच्या चालण्याचा सत्यानाश.’ पत्रलेखकानं मधला मार्ग काढला आहे: या तिघांना सपाट नदीकाठानं न्यायचं, मुलांनी जंगलातून जायचं. पण धाकधूक आहेच. ‘काही झालं तर गाव मलाच विचारेल. सरळ नाही म्हणून टाकू का?’

उत्तर : नाही म्हणू नका. पण तुमचा मधला मार्गही घेऊ नका, कारण तो उलटा पडेल. नदीकाठ सोपा आणि जंगल अवघड, असं तुम्ही धरून चाललात. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी चित्र वेगळं असतं. जंगलातला बंडीरस्ता वर्षानुवर्षं चाकाखाली दबून घट्ट झालेला, मुरमाड आणि दोन माणसं बाजूबाजूनं चालतील इतका रुंद असतो. भरलेली बंडी बैलांना ओढता आली पाहिजे, म्हणून त्याला चढउतारही बेताचाच. नदीचा काठ पुलावरून सपाट दिसतो. प्रत्यक्ष चालायला गेलात की आधी दरड उतरावी लागते, मग रेती तुडवावी लागते, आणि पाण्याजवळ गाळ असतो. कुबडीला रेती, आत्याच्या गुडघ्यांना दरड. म्हणजे दोघांनाही नेमकं नको ते तुम्ही वाढून ठेवलंत.

वाट किती अवघड, हे तिच्या लांबीवरून ठरत नाही, तिच्यातल्या सगळ्यात वाईट पन्नास पावलांवरून ठरतं. सहा किलोमीटर उत्तम रस्ता आणि मध्ये एकच घसरडा नाला असेल, तर काकांसाठी ती वाट नाल्यापाशीच संपते. म्हणून पुढच्या रविवारी कुणालाही न नेता दोघातिघांनी फक्त मोजणीसाठी जा. सोबत सहा फुटांचा सरळ बांबू, मोजपट्टी, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि वही घ्या. उतार लागला की बांबूचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, बांबूवर बाटली आडवी ठेवा आणि आतलं पाणी समपातळीत दिसेपर्यंत दुसरं टोक वर-खाली करा. मग त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती इंच भरतात ते मोजा. सहा इंच भरले तर उतार बारास एक. चाकाची खुर्चीसुद्धा ढकलता येते. फूटभर भरलं तर सहास एक. आत्या काठीनं उतरतील, पण वेळ लागेल, आणि काकांना सोबतीला माणूस हवा. त्याहून जास्त भरलं तर ती जागा टाळा किंवा तिथूनच माघारी फिरा.

रेतीची परीक्षा काठीनं होते. काठीवर अंगाचा भार द्या. दोन बोटं रुतली तर चालेल, चार बोटांपेक्षा जास्त रुतली तर कुबडी तिथे नेऊ नका. कोरड्या, पांढऱ्या पडलेल्या रेतीपेक्षा पाण्याच्या अलीकडची ओलसर रेती घट्ट असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फसवतो तो पुरानंतर साचलेला गाळ. वरून वाळून तडकलेला, आत लोण्यासारखा. भेगा पडलेल्या पोपड्यावर पाय द्यायच्या आधी काठी द्या. आणि जिथून कधीकाळी रेती उचलली गेली आहे, त्या घाटावर पाण्यात घोट्याएवढंही उतरायचं नाही. खड्डा भरला की वरून पाणी सारखंच दिसतं, पुढचं पाऊल मात्र डोक्याएवढ्या पाण्यात पडतं.

वैनगंगेचं आणखी एक आहे. तिचं पाणी फक्त इथल्या पावसावर चढत नाही. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर हे धरण, खाली पवनीजवळ 33 दरवाज्यांचं गोसीखुर्द धरण. वरून पाणी सोडलं की आभाळ निरभ्र असतानाही पातळी वाढते, आणि धरणाच्या फुगवट्यात मागच्या रविवारची वाट या रविवारी पाण्याखाली असू शकते. मधल्या रेतीच्या बेटावर जेवायला बसायचा मोह होतो. बसू नका. दरडीच्या वरच बसा, नदी तिथूनही तेवढीच दिसते.

हे सगळं मोजायला काकांना बरोबर घेता आलं तर घ्या, दरडीपर्यंत मोटारसायकलनं का होईना. ही नदी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. कुठला डोह कसा, काठ कुठे आतून पोखरलाय, डांगरवाडीतून, म्हणजे रेतीतल्या कलिंगड-खरबुजांच्या मळ्यातून, जाणारी घट्ट वाट कुठली, हे विचारायचं तर त्यांनाच. तुमच्या पत्रात ते सांभाळून न्यायचं माणूस म्हणून आलेत. वाटाड्या म्हणून ते तुमच्या डोक्यातच आले नाहीत.

आत्यांचंही थोडं तसंच. ‘गुडघे दुखतात’ यावरून काहीच कळत नाही. धानाच्या रोवणीला दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या, मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईला तीन किलोमीटर सपाट चालणं जड जाईलच असं नाही. त्यांना विचारा : चालताना दुखतं, की बसून उठताना? चढताना, की उतरताना? बहुतेकांचं उत्तर ‘उतरताना आणि खाली बसून उठताना’ असं येतं, कारण उतारावर गुडघ्यावर जास्त भार येतो. तसं असेल तर त्यांची अडचण किलोमीटरची नाही. त्यांना उंच बसायला जागा हवी, म्हणजे दगड, पडलेलं खोड किंवा घडीचा स्टूल. आणि उतारावर काठी. काठी हातात धरून सरळ उभं राहिल्यावर कोपर जवळजवळ काटकोनात येईल एवढी उंच असावी. एकच गुडघा दुखत असेल तर काठी उलट्या बाजूच्या हातात. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय, चढताना आधी चांगला पाय. बाजारातली महागडी काठी नको, गावातला अंगठ्याएवढा जाड बांबू पुरतो. खाली रबर तेवढं बसवा, नाहीतर दगडावर सटकतो.

काकांच्या कुबडीचं रबर उलटं करून पाहा. झिजून गुळगुळीत झालं असेल तर निघायच्या आधी बदला. ओल्या दगडावर सगळा जीव त्या रबरावर असतो. रेतीसाठी जुन्या टायरची चार इंचाची गोल चकती कापून, मध्ये भोक पाडून कुबडीच्या टोकावर रबराच्या वर घट्ट बसवली की रुतणं बरंच कमी होतं. मुरमावर आल्यावर ती काढून ठेवायची, नाहीतर दगडात अडकते. वरचा भागही बघा. काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटांची फट हवी आणि भार तळहातावर हवा. काखेवर भार देऊन लांब चाललं की हात बधिर होतो. लांबच्या चालीत त्यांचे पाय नाही, हात थकतील. म्हणून दर वीस मिनिटांनी थांबायचं, त्यांनी मागितलं नाही तरी. ते मागणार नाहीत.

मुलीच्या बाबतीत मात्र तुमच्या किंवा आमच्या अंदाजावर जाऊ नका. तिचं सिकलसेलचं कार्ड पाहा. ती रुग्ण आहे की वाहक, यावर पुष्कळ अवलंबून आहे. रुग्ण असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा आणि आईवडिलांपैकी एक जण सोबत घ्या. तिच्या वेदना उसळतात त्या पाणी कमी पडलं, थंडी बाधली, दमछाक झाली किंवा ताप आला की. त्यामुळे जानेवारीतल्या गारठ्यात साडेसहाला तिला उभं करू नका. कानटोपी, स्वेटर आणि ऊन पसरल्यावर निघणं. नदीत डुबकी नाही, पायसुद्धा गार पाण्यात सोडून बसायचं नाही. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी. हातपाय, पाठ किंवा छाती दुखायला लागली, धाप लागली, तर ‘थोडं बसली की बरं वाटेल’ म्हणायचं नाही. तिथून थेट दवाखाना. वाहक असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं, पण उन्हात पाण्याशिवाय शर्यत लावायची नाही.

आता तुमची भरतीची मुलं. त्यांचं म्हणणं वावगं नाही, त्यांना सराव हवा आहे. भांडण मिटवायला अंतर ठरवणं सोडा आणि घड्याळ ठरवा. सगळ्यांनी 7.30 ला एकत्र निघायचं, एकाच रस्त्यानं. सावकाश गट ताशी दोन किलोमीटरनं चालेल, थांबे धरून. तो 8.45 ला जिथे असेल तिथून मागे फिरेल, म्हणजे साधारण अडीच किलोमीटर झालेले असतील. परतीला त्यांना दीड तास ठेवा, कारण येताना वेग पडतो. जलद गट ताशी पाचनं पुढे जाईल आणि 8.55 ला वळेल. त्यांचे सात जाऊन सात येऊन होतात, आणि दोन्ही गट सव्वादहा-साडेदहाला गावाच्या वेशीवर भेटतात. 14 किलोमीटर शाबूत, आत्याही जंगलात. यासाठी वाट जाऊन-येऊन असलेलीच घ्या. गोल फेरी दिसायला छान, पण अर्ध्यावर दमलेल्याला तिच्यात सुटका नसते. पुढे जा नाहीतर मागे जा, अंतर तेवढंच.

गट दोनच करायचे, तिसरा फुटू द्यायचा नाही. प्रत्येकात किमान पाच माणसं, आणि एकट्यानं कुणी मागे बसून राहायचं नाही. सावकाश गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा, शेवटी नाही. शेवटी चालणारा पोहोचतो तेव्हा बाकीचे ताजेतवाने होऊन उठलेले असतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. थांब्याची दहा मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यावर मोजायला सुरुवात करायची. भरतीच्या मुलांपैकी दोघांनी आळीपाळीनं या गटात चालावं, पाठीवर दहा लिटर पाणी घेऊन. तोही सरावच.

जंगलाच्या परवानगीचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही, त्याची चिंता वाटते. सरपणाला गावातला माणूस जातो ती निस्ताराची, म्हणजे घरच्या गरजेपुरत्या गावाच्या हक्काची गोष्ट झाली. वीस जणांना घेऊन दर रविवारी जाणं वेगळं. वाट अभयारण्यात किंवा व्याघ्रप्रकल्पात जात असेल, मग ते कोका असो, नवेगाव-नागझिरा असो की उमरेड-पवनी-करांडला, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय पायी आत शिरता येत नाही. तिथे हा बेतच रद्द. राखीव किंवा संरक्षित वनातून जात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना साध्या कागदावर अर्ज द्या : तारखा, वाट, माणसांची संख्या. तुमच्या गावाला 2006 च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेतही विषय मांडा. आणि परवानगी मिळाली तरी शनिवारी संध्याकाळी वनरक्षकाला फोन केल्याशिवाय रविवारी निघायचं नाही. कुठे गोऱ्हा मारला गेलाय, कुठे ठसे दिसलेत, हे त्याला कळलेलं असतं. तो ‘उद्या नको’ म्हणाला तर उद्या नाही. वाद घालायचा नाही.

वाघ संरक्षित जंगलाच्या बाहेर फिरतो हे पूर्व विदर्भातल्या कुणाला सांगायला नको. सावकाश गटासाठी त्यातलं इतकंच लक्षात ठेवा, की वाकलेला किंवा खाली बसलेला एकटा माणूस जास्त धोक्यात असतो. लघवीला जायचं तर दोघांनी, रस्त्याच्या कडेलाच. एकानं उभं राहून लक्ष ठेवायचं. थांबा मोकळ्या जागी, झाडोऱ्यापासून दूर, आणि पाठीला पाठ येईल असं बसा. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, सगळ्यांनी जवळ येऊन तोंड त्याच्याकडे ठेवत हळूहळू मागे सरायचं. अस्वलाचं वेगळं. ते अचानक समोरासमोर आलं की अंगावर येतं, म्हणून घाणेरीच्या जाळीजवळ, वळणावर आणि वारुळांपाशी बोलत चाला. बोलत म्हणजे बोलत. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, त्यानं तुम्हालाच काही ऐकू येणार नाही. आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर आणि पुलांखाली असतं. त्याच्या आसपास धूर नाही, अत्तर नाही, दगड मारणारं पोरगं तर नाहीच.

प्राण्यांइतकीच भीती तारेची धरा. डुकरांपासून हरभरा-लाखोरी वाचवायला काही जण रात्री कुंपणाला चोरून करंट सोडतात आणि सकाळी बंद करायला विसरतात. अंधारात धुऱ्यानं (शेताच्या बांधानं) जायचं नाही, ऊन पडल्यावरही कुठल्याच तारेखालून वाकून जायचं नाही. धातूची कुबडी तारेला लागणार नाही हे बघायला काकांच्या पुढे एक जण ठेवा. गवतातून आलात की घरी लगेच अंघोळ, कपडे धुवायला, आणि गवतावर बसताना खाली सतरंजी. पावसाळ्यानंतर आपल्याकडे स्क्रब टायफस होतो, गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं. चालून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळ्या खपलीचा डाग दिसला, तर डॉक्टरांना ‘गवतात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. माणसाला झोपवा, चावलेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन. सापाच्या लसीचा साठा जवळच्या कुठल्या रुग्णालयात असतो हे निघायच्या आधीच विचारून ठेवा. मोजणीच्या दिवशी वहीत हेही लिहा, की मोबाईलला रेंज कुठल्या टेकाडावर येते आणि चारचाकी आत कुठपर्यंत येऊ शकते.

‘गाव मलाच विचारेल’ ही भीती खरी आहे. पण त्या तिघांना घरी ठेवून ती जात नाही. भरतीच्या मुलाचा पाय मुरगळला तरी गाव तुम्हालाच विचारणार आहे. एका कागदावर सगळ्यांची नावं, घरचा नंबर, चालू औषधं, निघण्याची आणि परतण्याची वेळ लिहा. एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक खिशात. साडेअकरापर्यंत परतलो नाही तर कुणी कुणाला फोन करायचा, तेही त्यातच. वन विभागाचा 1926 हा नंबर त्या कागदावर लिहून ठेवा. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या खिशात गुळाचा खडा असू द्या. माणशी दोन लिटर पाणी, आणि ओआरएसची पुडी एक लिटरमध्ये अख्खी. ‘थोडी टाकली तर चालेल’ असं नसतं. पुडी नसेल तर एका लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

एवढं झालं तरी पहिल्याच रविवारी जंगलात जाऊ नका. तुमच्या भागात मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले तलाव, गावोगाव आहेत. जवळच्या एखाद्या तलावाच्या पाळीवर (बांधावर) पहिली चाल घ्या. पाळीचा माथा सपाट असतो, दोन्हीकडचं लांबवर दिसतं, कडेला सावलीची झाडं, हिवाळ्यात पाण्यावर बदकं. तुडुमापाशी (पाणी सोडायच्या दारापाशी) आणि सांडव्यावर तेवढं जपायचं, तिथले दगड शेवाळलेले असतात. दीड किलोमीटर जाऊन-येऊन तीन होतात. त्यात आत्यांचा खरा वेग, काकांचे हात किती वेळ साथ देतात आणि मुलगी पाणी किती पिते, हे सगळं कळेल. आमच्या इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आहे त्यांनीही पाळ किंवा नहराच्या (कालव्याच्या) कडेचा मुरमी रस्ताच निवडावा. पुढची छोटी चाकं रुतली तर जोर लावू नका, खुर्ची मागच्या चाकांवर तिरपी करून उलटी ओढा. दृष्टी नसलेल्या सोबत्याला हात धरून ओढत नेऊ नका. त्यानं तुमचं कोपर धरावं आणि अर्धं पाऊल मागे चालावं. वाट अरुंद झाली की तुम्ही तो हात पाठीमागे न्या, म्हणजे तो आपोआप तुमच्या मागे येईल.

मोसमाचं गणित साधं आहे. धान कापून झाल्यावर, डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जंगलाचे रविवार. मधे अवकाळी आला तर काळ्या मातीची वाट दोन-तीन दिवस वाळू द्या, मुरमाची दुसऱ्या दिवशी चालते. मार्चमध्ये मोह टपकायला लागला की अस्वलं झाडाखाली येतात आणि पहाटे माणसंही तिथेच असतात. तेव्हापासून जंगल बंद. मार्चभर तलावाची पाळ, सात ते साडेआठ. एप्रिल-मेमध्ये काहीच नाही. जूनमध्ये पाऊस लागला की पुन्हा डिसेंबरची वाट बघायची. त्या मधल्या महिन्यांत काकांकडून वहीतल्या नकाशावर नदीच्या खुणा भरून घ्या. पूर ओसरल्यावर त्यातल्या अर्ध्या जागा सरकलेल्या असतील, तेव्हा नोव्हेंबरअखेरीस बांबू आणि बाटली घेऊन मोजणी परत पहिल्यापासून करायची.